संगणकाची निद्रा आणि उपकरणांची ओळख : लिनक्स कर्नेलमधील समन्वयाची चिकित्सा
(वऱ्हाडातील खंडित वीजपुरवठ्याच्या संदर्भात)

सारांश : संगणक निद्रिस्त होत असतानाच एखादे नवे उपकरण ओळखण्याचे काम सुरू झाले तर काय होते, हा प्रश्न कार्यप्रणालीच्या अध्यापनात सहसा उपस्थित होत नाही. लिनक्स कर्नेलने २०१६ मध्ये त्यावर एक सर्वसाधारण नियम स्वीकारला. निद्रेची तयारी सुरू होताना चालू असलेल्या तपासण्या पूर्ण होऊ द्याव्यात, नव्या तपासण्या स्थगित ठेवाव्यात आणि पूर्ण जागृतीनंतर त्या पुन्हा हाती घ्याव्यात, असा तो नियम आहे. प्रस्तुत लेखात या नियमाची पार्श्वभूमी, त्याचे गुण व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. हा नियम वेळेचा संघर्ष मिटवतो, परंतु उपकरणांच्या परस्परावलंबनाचे ज्ञान देत नाही, असे येथील प्रतिपादन आहे. अमरावती व अकोला परिसरातील प्रयोगशाळांच्या दृष्टीने या प्रश्नाचे अध्यापनमूल्य अखेरीस मांडले आहे.

बीजशब्द : कार्यप्रणाली, लिनक्स कर्नेल, ड्रायव्हर, प्रोब, सस्पेंड, हायबरनेशन, भारनियमन.

१. प्रस्तावना

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वीजवितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्यानंतरची काही वर्षे राज्याच्या इतर भागांप्रमाणे वऱ्हाडातही भारनियमनाची होती. वितरणातील हानी आणि बिलांची वसुली पाहून गट पाडले गेले व गटानुसार वीज बंद ठेवण्याचे तास ठरले. अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे पुढे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे १३५० मेगावॅट क्षमतेचे खाजगी केंद्र उभे राहिले. तथापि वीज जवळपास निर्माण होणे आणि ती प्रयोगशाळेतील संगणकापर्यंत अखंड पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळापत्रकाचे भारनियमन मागे पडले, तरी वादळवाऱ्याने तारा तुटणे किंवा रोहित्रात बिघाड होणे या कारणांनी वीज जाणे थांबलेले नाही.

संगणकाच्या दृष्टीने या दोन प्रकारांत मोठा फरक आहे. वेळापत्रकानुसार जाणारी वीज संगणक रीतसर बंद करण्यास अवधी देते. अवचित जाणारी वीज केवळ यूपीएसच्या बॅटरीत असतील तेवढी मिनिटे देते. त्या मिनिटांत चालू काम वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सस्पेंडचा. यात कामाची सर्व स्थिती रॅममध्ये राहते आणि रॅमला अल्प वीज मिळत राहते. बॅटरी संपली की ही स्थिती नष्ट होते. दुसरा मार्ग हायबरनेशनचा. यात रॅममधील स्थितीची प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते आणि संगणक पूर्णपणे बंद होतो. वीज किती तास येणार नाही याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी दुसरा मार्गच उपयोगी ठरतो. सस्पेंड आणि हायबरनेशन या दोहोंना मिळून पुढील विवेचनात ‘निद्रा’ हा शब्द योजला आहे.

निद्रेत जाणे ही वरवर साधी वाटणारी क्रिया कर्नेलच्या दृष्टीने अत्यंत नाजूक आहे. प्रत्येक उपकरणाला योग्य क्रमाने शांत करावे लागते आणि उलट क्रमाने जागे करावे लागते. हे चालू असताना उपकरणांच्या संख्येत भर पडली, तर तो क्रमच विस्कळीत होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच संघर्ष आहे.

२. दोन प्रक्रिया आणि त्यांची गृहीते

संगणकाला जोडलेले उपकरण वापरात येण्यापूर्वी दोन टप्पे पार पडतात. पहिला टप्पा नोंदणीचा. उपकरण अस्तित्वात आहे अशी नोंद कर्नेल आपल्या यादीत करतो. दुसरा टप्पा प्रोबचा. त्या उपकरणास योग्य असा ड्रायव्हर शोधला जातो. ड्रायव्हर उपकरणाची तपासणी करतो, त्यासाठी लागणारी स्मृती, व्यत्यय-रेषा, घड्याळ, वीजनियंत्रक इत्यादी साधने मिळवतो आणि उपकरणाचा ताबा घेतो. ‘प्रोब’ हा शब्द या क्षेत्रात रूढ असल्याने येथे तोच वापरला आहे.

प्रोबचे गृहीत असे की, भोवतालची व्यवस्था जागी आहे. ज्या बसवर उपकरण आहे ती चालू आहे, मागितलेली साधने मिळणार आहेत आणि पाठवलेल्या आज्ञेला उत्तर येणार आहे, हे ड्रायव्हर धरून चालतो.

निद्रेचे गृहीत याच्या उलट आहे. प्रथम वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया गोठवल्या जातात. त्यानंतर प्रत्येक उपकरणास तयारीची सूचना मिळते आणि मग उपकरणे टप्प्याटप्प्याने शांत केली जातात. शेवटच्या टप्प्यात उपकरणांचे व्यत्यय बंद होतात व दुय्यम प्रोसेसर थांबतात. कर्नेलजवळ यासाठी एक सूची असते. उपकरणे ज्या क्रमाने नोंदली गेली त्या क्रमाने ती सूचीत असतात. निद्रेच्या वेळी सूची शेवटाकडून वाचली जाते व जागृतीच्या वेळी आरंभाकडून. पालक उपकरण आधी नोंदले जात असल्याने अपत्य उपकरण आधी झोपते आणि पालक नंतर झोपतो. यूएसबी नियंत्रक झोपण्यापूर्वी त्याला जोडलेला कळफलक झोपलेला असावा, ही अपेक्षा अशा रीतीने पूर्ण होते.

येथे निद्रेचे गृहीत स्पष्ट होते. झोपवायच्या उपकरणांची यादी स्थिर आहे, असे ती धरून चालते. कर्नेलच्या दस्तऐवजातही तयारीच्या टप्प्याचा हेतू सांगताना हाच मुद्दा पुढे केला आहे. नवी अपत्ये मनमानेल तेव्हा नोंदता आली, तर एखाद्या पालकाची सर्व अपत्ये झोपली की नाही हे कळण्यास मार्गच उरणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे एका प्रक्रियेला व्यवस्था जागी हवी आणि दुसरीला ती स्थिर हवी. दोन्ही एकाच वेळी चालल्या, तर एकीचे गृहीत दुसरीमुळे खोटे ठरते.

३. संघर्षाचे प्रत्यक्ष स्वरूप

हा संघर्ष केवळ तात्त्विक नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेची सर्वसाधारण रचना पाहिली, तरी तो घडण्याची वाट स्पष्ट दिसते. लेझर प्रिंटर एकदम जास्त वीज ओढत असल्याने तो सहसा यूपीएसवर जोडत नाहीत. तो थेट भिंतीवरील वीजजोडणीवर असतो, संगणक मात्र यूपीएसवर असतो. वीज गेली की संगणक चालू राहतो आणि प्रिंटर बंद पडतो. संगणकाच्या दृष्टीने यूएसबीवरील एक उपकरण नाहीसे होते. यूपीएसची बॅटरी उतरू लागली की देखरेख करणारी आज्ञावली संगणकाला हायबरनेट होण्याची सूचना देते. नेमक्या त्याच वेळी वीज क्षणभर येऊन गेली, तर प्रिंटर पुन्हा चालू होतो आणि नवे उपकरण म्हणून स्वतःची वर्दी देतो. त्याची नोंदणी आणि त्याचा प्रोब निद्रेच्या तयारीशी एकाच क्षणी येऊन भिडतात. जेथे वीज एकदा जाऊन शांतपणे राहत नाही, लपंडाव करते, तेथे हा योगायोग दुर्मीळ मानता येत नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर असून तो हायबरनेशनमधून परत येतानाचा आहे. वीज परत आल्यावर संगणक प्रथम नेहमीप्रमाणे सुरू होतो. एक तात्पुरता कर्नेल चालू होतो, डिस्क ओळखतो आणि तिच्यावरील प्रतिमा वाचतो. मग आपली सर्व उपकरणे शांत करून तो प्रतिमेतील जुन्या कर्नेलच्या हाती सूत्रे देतो. याचा अर्थ असा की, तात्पुरत्या कर्नेलला सुरू होऊन काही क्षणच झाले असताना सर्व उपकरणे शांत करावी लागतात. आधुनिक कर्नेलमध्ये अनेक प्रोब पार्श्वभूमीवर समांतर चालतात. ते संपण्याआधीच शांत करण्याची प्रक्रिया सुरू झाली, तर अर्धवट ताब्यात घेतलेले उपकरण जुन्या कर्नेलकडे जाते. एखाद्या उपकरणाने त्या क्षणी स्मृतीत लिहिणे चालू ठेवले, तर ज्या स्मृतीत प्रतिमा पुनःस्थापित होत आहे तीच बिघडू शकते. ज्या कामाच्या रक्षणासाठी हायबरनेशनचा आश्रय घेतला, ते कामच अशा वेळी धोक्यात येते.

याच मार्गावर उलट बाजूची अडचणही आहे. डिस्कचा प्रोब उशिरा पूर्ण झाला, तर प्रतिमा शोधणाऱ्या कर्नेलला ती सापडतच नाही. म्हणून प्रतिमा शोधण्यापूर्वी प्रोब संपण्याची वाट पाहणे आणि संथ डिस्कसाठी अधिक थांबण्याचा पर्याय देणे, अशी तजवीज कर्नेलमध्ये करावी लागली. थोडक्यात, परतीच्या वाटेवर एका ठिकाणी प्रोब झालाच पाहिजे आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या ठिकाणी तो होता कामा नये. संघर्षाचे मर्म या सीमारेषेत आहे.

४. उपायांचा इतिहास

या प्रश्नावरील उपाय एकाच वेळी सुचलेले नाहीत. आरंभी प्रत्येक उपव्यवस्थेने स्वतःपुरती सोय केली. यूएसबी उपव्यवस्थेत जोडणी-तोडणीची दखल घेणारे काम निद्रेच्या वेळी गोठवले जाते, त्यामुळे वर उल्लेखिलेला प्रिंटर त्या काळात नोंदलाच जात नाही. मेमरी कार्डांच्या उपव्यवस्थेत निद्रेची सूचना मिळताच नव्या कार्डांचा शोध थांबवला जातो. या उपायांनी त्या त्या ठिकाणचे प्रश्न सुटले. परंतु कोणत्या उपव्यवस्थेने सोय केली आहे आणि कोणत्या नाही, हे सांगणारा सामाईक नियम नव्हता.

सामाईक नियमाचा एक मोठा प्रयत्न २००८ मध्ये झाला. निद्रेच्या आरंभीच प्रत्येक उपकरणाचे कुलूप कर्नेलने आपल्याकडे घ्यावे, म्हणजे कोणालाही प्रोब करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. कल्पना निर्दोष दिसते. व्यवहारात मात्र तिच्यामुळे नव्या अडचणी उद्भवल्या. ज्या ड्रायव्हरांना निद्रेच्या ओघातच एखादे उपकरण काढून टाकावे लागते, ते त्या कुलपांपाशी अडकून पडण्याचा धोका निर्माण झाला. हा उपाय त्याच वर्षी मागे घेण्यात आला. या अनुभवाचे महत्त्व मोठे आहे. सर्वांना एकाच वेळी जखडून ठेवणे हा शिस्तीचा सर्वात सरळ मार्ग असला, तरी ज्यांना हालचाल करणे भागच आहे त्यांनाही तो जखडतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुढचा टप्पा निद्रेशी थेट संबंधित नसलेल्या प्रश्नातून आला. मोबाइल व एम्बेडेड संगणकांत वापरल्या जाणाऱ्या आर्म जातीच्या चिपांवर एका उपकरणाला दुसऱ्या उपकरणाकडून घड्याळ किंवा वीज मिळते. देणारे उपकरण अद्याप तयार नसेल, तर घेणाऱ्याचा प्रोब अयशस्वी होतो. ग्रँट लाइकली यांनी यासाठी ‘स्थगित प्रोब’ ही व्यवस्था मांडली आणि ती २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत आली. ड्रायव्हरने ‘आत्ता नाही, नंतर’ असे उत्तर द्यावे, कर्नेलने ते उपकरण प्रतीक्षायादीत ठेवावे आणि दुसरे एखादे उपकरण तयार झाले की पुन्हा प्रयत्न करावा, असे तिचे स्वरूप आहे.

याच प्रतीक्षायादीचा उपयोग निद्रेच्या प्रश्नासाठी करता येईल, हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील अभियंते ग्रिगोरी स्ट्राश्को यांनी २०१५ मध्ये मांडले. २०१६ मध्ये ४.५ या आवृत्तीत त्यांचा बदल समाविष्ट झाला. निद्रेच्या तयारीच्या आरंभी कर्नेल प्रथम चालू प्रोब संपण्याची वाट पाहतो. मग एक खूण लावतो. ती खूण असेपर्यंत येणारा प्रत्येक प्रोब प्रत्यक्ष न करता प्रतीक्षायादीत टाकला जातो. जागृतीचा शेवटचा टप्पा आला की खूण काढली जाते आणि प्रतीक्षेतील सर्व उपकरणांचे प्रोब पुन्हा सुरू होतात. परतीच्या मार्गावरील तात्पुरत्या कर्नेललाही हाच नियम लागू होतो, कारण शांत करण्याची तयारी तेथेही त्याच टप्प्यातून जाते.

५. नियमाचे मूल्यमापन

५.१ गुण : या नियमाचा पहिला गुण त्याचा मितव्यय होय. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. वेगळ्या कारणाने अस्तित्वात आलेल्या प्रतीक्षायादीला दुसरे काम देण्यात आले. दुसरा गुण असा की, हजारो ड्रायव्हरांपैकी एकालाही आपली रचना बदलावी लागली नाही. ज्या प्रकल्पात जगभरातील असंख्य लेखकांचा हात आहे, तेथे प्रत्येकाच्या दक्षतेवर विसंबणारा नियम टिकत नाही. तिसरा गुण २००८ च्या प्रयत्नाशी तुलना करता दिसतो. नवा नियम केवळ प्रोब थांबवतो. उपकरण काढून टाकणे किंवा आधीच ताब्यात असलेल्या उपकरणाशी व्यवहार करणे, यांना तो हात लावत नाही. जेवढे थांबवणे आवश्यक तेवढेच थांबवावे, हा विवेक त्यात आहे.

५.२ मर्यादा : तथापि या नियमाला निर्णायक उत्तर मानणे योग्य होणार नाही. त्याच्या तीन मर्यादा विशेष विचारार्ह आहेत.

पहिली मर्यादा प्रतीक्षेची. चालू प्रोब संपण्याची जी वाट पाहिली जाते, तिला काळाची सीमा नाही. वापरकर्त्याच्या प्रक्रिया गोठवण्यासाठी कर्नेल साधारणतः २० सेकंदांची मुदत देतो आणि तेवढ्यात काम न झाल्यास निद्रेचा प्रयत्न सोडून देतो. प्रोबच्या प्रतीक्षेला मात्र अशी मुदत नाही. एखादे सदोष उपकरण उत्तरच देत नसेल आणि त्याचा ड्रायव्हर अडकून पडला, तर संपूर्ण संगणक त्याच्यासाठी खोळंबतो. मोजकी मिनिटे पुरणाऱ्या यूपीएसवर हे खोळंबणे म्हणजे हायबरनेशन न होणेच होय. एका उपकरणाच्या दोषाची किंमत सर्व कामाने मोजावी, हे न्याय्य म्हणता येत नाही.

दुसरी मर्यादा मौनाची. प्रोब स्थगित केल्याची नोंद कर्नेल करतो, पण ती केवळ दोषशोधनाच्या पातळीवर. सामान्य व्यवस्थेत ती दिसत नाही. जागृतीनंतर एखादे उपकरण काही क्षण उपलब्ध नसल्याचे कारण वापरकर्त्याला किंवा प्रयोगशाळा सहायकाला कळत नाही. प्रतीक्षेतील उपकरणांची यादी दोषशोधनाच्या फाइलव्यवस्थेत वाचता येते. परंतु ती तेथे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तिचा उपयोग. नियम कितीही योग्य असला, तरी तो लागू झाला हे न सांगणारी व्यवस्था दोषनिदान कठीण करते.

तिसरी मर्यादा सर्वात मूलभूत असून ती क्रमाशी निगडित आहे. निद्रेची सूची नोंदणीच्या क्रमावर आधारलेली आहे, हे वर सांगितले. हा क्रम पालक-अपत्य नात्यापुरता बरोबर ठरतो. घड्याळ, वीजनियंत्रक किंवा संकेत-रेषा पुरवणारे उपकरण मात्र घेणाऱ्याचे पालक असतेच असे नाही. देणारे नंतर नोंदले गेले असेल, तर सूचीनुसार तेच आधी झोपेल आणि घेणारे उपकरण विजेशिवाय उरेल. स्थगित प्रोबचा पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी ते उपकरण सूचीच्या शेवटी हलवले जाते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी क्रम आपोआप दुरुस्त होतो. परंतु ही दुरुस्ती एका योगायोगावर उभी आहे. घेणारे उशिरा तयार झाले म्हणून ते देणाऱ्यावर अवलंबून आहे, असा तर्क त्यात अध्याहृत आहे. कालक्रमावरून कार्यकारणभाव ठरवण्याची चूक तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परिचित आहे. २०१० मध्ये २.६.३४ या आवृत्तीपासून काही उपकरणांची निद्रा व जागृती समांतर होऊ लागली. तेव्हापासून केवळ सूचीतील स्थानावर विसंबणे अधिकच अपुरे ठरले, कारण समांतर चालणाऱ्या दोन क्रियांना सूचीतील मागेपुढे असण्याचे बंधन राहत नाही.

कर्नेलच्या विकासकांना ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. २०१७ मध्ये ४.१० या आवृत्तीत ‘उपकरण-दुवे’ ही कल्पना आली. वीज-व्यवस्थापनाचे देखभालकर्ते राफाएल वायसोत्स्की यांचा तिच्यात प्रमुख वाटा आहे. कोण कोणाला काय पुरवतो, हे दुव्याच्या रूपाने स्पष्ट नोंदवले की प्रोब, निद्रा आणि जागृती या तिन्ही प्रसंगी कर्नेल तो दुवा पाळतो. देणाऱ्याआधी घेणाऱ्याचा प्रोब होत नाही आणि घेणाऱ्याआधी देणारा झोपत नाही. हार्डवेअरच्या वर्णनावरून असे दुवे आपोआप निर्माण करण्याची सोय २०२१ मध्ये ५.१३ या आवृत्तीपासून सर्वसाधारणपणे चालू झाली. तिचा लाभ मुख्यतः ज्या यंत्रांचे हार्डवेअर ‘डिव्हाइस ट्री’ स्वरूपात वर्णिलेले असते त्यांना मिळतो.

या क्रमाकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. २०१६ चा नियम ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर आहे, तर २०१७ ची कल्पना ‘कोणावर’ या प्रश्नाचे. पहिल्याने गोंधळ थांबवला. दुसऱ्याने गोंधळाचे कारण उघड केले. कर्नेलमधील टिप्पणीत प्रोब स्थगित करण्याचे कारण देताना असा प्रोब असुरक्षित असून व्यवस्थेचे वर्तन अनिश्चित होते, एवढेच सूचित केले आहे. वर्तन अनिश्चित का होते, तर अवलंबन अज्ञात असते म्हणून, ही पुढची पायरी त्या टिप्पणीत नाही. समीक्षेच्या दृष्टीने हा फरक गौण नाही. कारण न सांगणारा नियम पाळला जातो, पण त्याचा विस्तार करता येत नाही.

६. परत आलेले उपकरण तेच आहे काय?

वेळ आणि अवलंबन यांच्या पलीकडे ओळखीचा आणखी एक प्रश्न उरतो. हायबरनेशनच्या काळात संगणकाची वीज पूर्ण गेलेली असते. यूएसबीवर लावलेला पेन ड्राइव्ह त्या वेळी वीजहीन होतो. जागृतीनंतर कर्नेलच्या दृष्टीने तो निघून परत आलेला असतो. त्याला नवे उपकरण मानले, तर त्यावरील उघड्या फाइलींचे नाते तुटते. त्याला जुनेच मानले, तर दरम्यान कोणी तो बदलला असण्याचा धोका असतो.

लिनक्समध्ये यासाठी असलेली सोय उपकरणाने सांगितलेली वर्णने व अनुक्रमांक ताडून पाहते आणि ती जुळल्यास उपकरण तेच असल्याचे मानते. तिच्या दस्तऐवजात स्पष्ट सावधगिरी दिली आहे. कार्ड-रीडर तोच राहून आतील कार्ड बदलले, तर कर्नेलची फसगत होऊन माहितीची हानी होऊ शकते. हायबरनेशनच्या जुन्या दस्तऐवजातही, निद्रा व जागृती यांच्या दरम्यान डिस्कवरील मजकुरास हात लावल्यास माहिती गमवावी लागेल, असा कठोर इशारा आहे. अनेक विद्यार्थी एकाच संगणकावर पाळीपाळीने बसतात आणि आपापले पेन ड्राइव्ह लावतात-काढतात, अशा प्रयोगशाळेत हा इशारा केवळ कागदी राहत नाही. स्थगित प्रोबचा नियम येथे काहीच करू शकत नाही. उपकरण केव्हा ओळखावे हे तो सांगतो, ओळख खरी आहे की नाही हे सांगत नाही.

या सर्व अनिश्चिततेचा एक व्यावहारिक परिणाम झाला. उबुंटू या लोकप्रिय वितरणाने २०१२ मधील १२.०४ या आवृत्तीपासून हायबरनेशनचा पर्याय सामान्य वापरकर्त्यापुढून काढून घेतला, कारण अनेक यंत्रांवर तो भरवशाचा ठरत नव्हता. हा निर्णय अखंड विजेच्या प्रदेशात फारसा जाणवत नाही. वऱ्हाडासारख्या प्रदेशात मात्र ज्या सोयीची गरज सर्वाधिक, तीच मागे घेतली गेली, असा त्याचा अर्थ होतो. समन्वयाचा प्रश्न तांत्रिक वर्तुळापुरता मर्यादित नाही, हे यावरून लक्षात यावे.

७. पाठ्यपुस्तके आणि अध्यापन

ड्रायव्हर-लेखनाच्या अध्यापनात कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या ग्रंथाला मोठे स्थान आहे. त्याची तिसरी आवृत्ती २००५ मध्ये निघाली, ती २.६ मालिकेतील कर्नेलवर आधारित आहे आणि मुक्तपणे उपलब्ध असल्याने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचू शकते. उपकरण-प्रतिमान समजावताना हा ग्रंथ वीज-व्यवस्थापन हे त्या प्रतिमानाच्या प्रयोजनांपैकी एक असल्याचे सांगतो. परंतु वीज-व्यवस्थापनाला त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. वर वर्णिलेल्या २००८, २०१०, २०१२, २०१६ व २०१७ मधील घडामोडी त्याच्या नंतरच्या असल्याने त्या त्यात असणे शक्यही नव्हते. दोष ग्रंथाचा नाही. त्याच्यावरच थांबणाऱ्या अध्यापनाचा आहे.

यापेक्षा खोल अडचण विषयाच्या विभागणीत आहे. प्रोब हा ड्रायव्हरच्या प्रकरणात शिकवला जातो, तर निद्रा ही वीजबचतीच्या. दोन्ही प्रकरणे स्वतंत्रपणे बरोबर असतात. पण दोन बरोबर प्रक्रिया एकत्र आल्यावर चूक घडू शकते, हे संगणकशास्त्रातील महत्त्वाचे सत्य त्यांच्या मधल्या जागेत निसटते.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाग साधनसामग्री लागत नाही. कर्नेलमध्ये निद्रेच्या चाचणीची सोय असते. तिच्या साहाय्याने प्रक्रिया गोठवणे, उपकरणे शांत करणे, प्रोसेसर थांबवणे अशा एकेका टप्प्यापर्यंत जाऊन काही सेकंदांनी परत येता येते. समांतर निद्रा बंद करून क्रमाने होणारी निद्राही पाहता येते. आभासी यंत्रावर हे प्रयोग निर्धोकपणे होऊ शकतात. मुद्दाम संथ प्रोब करणारा एक लहान ड्रायव्हर विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा आणि तो निद्रेला किती खोळंबवतो हे मोजावे, असा प्रयोग एका सत्रात सहज बसतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला वीज जाण्याचा अनुभव वेगळा सांगावा लागत नाही. त्या अनुभवाला शास्त्रीय प्रश्नाचे रूप देणे एवढेच अध्यापकाचे काम उरते.

८. निष्कर्ष

(१) प्रोबला जागी व्यवस्था लागते व निद्रेला स्थिर व्यवस्था लागते. ही दोन गृहीते परस्परविरोधी असल्याने त्यांच्यातील समन्वय आपोआप होत नाही.

(२) सर्व कुलपे एकदम घेण्याचा २००८ चा प्रयत्न टिकला नाही आणि प्रोब तेवढा स्थगित करण्याचा २०१६ चा नियम टिकला. आवश्यक तेवढाच निर्बंध हे त्याच्या यशाचे कारण होय.

(३) अमर्याद प्रतीक्षा, मूक स्थगिती आणि क्रमावरून अवलंबन गृहीत धरणे या त्या नियमाच्या मर्यादा आहेत. त्यांपैकी तिसरीवर उपकरण-दुव्यांनी योग्य दिशा दाखवली आहे. पहिल्या दोन मर्यादांवर प्रतीक्षेला मुदत देणे आणि स्थगितीची नोंद सामान्य पातळीवर करणे, हे साधे उपाय विचारात घेण्याजोगे आहेत.

(४) या संघर्षाचा सर्वात कठीण प्रसंग हायबरनेशनमधून परतताना येतो आणि हायबरनेशनची गरज खंडित वीजपुरवठ्याच्या प्रदेशात सर्वाधिक असते. त्यामुळे अशा प्रदेशातील महाविद्यालयांनी हा विषय अभ्यासणे, तेथील यंत्रांवर तो तपासणे आणि आढळलेले दोष विकासकांपर्यंत पोहोचवणे, यास विशेष अर्थ आहे. अखंड विजेवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत जे दोष वर्षानुवर्षे दिसणार नाहीत, ते अकोल्याच्या वा अमरावतीच्या प्रयोगशाळेत एका पावसाळ्यात दिसू शकतात.